‘सावकारी पाश’ कोणीं पाहिला?

सिनेमाची गोष्ट निघाली कीं दादासाहेब फाळक्यांचें नांव निघतें, आणि तें योग्यच आहे. पण कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री आपल्यापैकीं किती घरांत ठाऊक आहेत? १८९० सालीं कारागिराच्या घरांत त्यांचा जन्म झाला. चित्रकलेच्या शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नाहीं; वडिलांच्या हत्यारांवर हात बसला आणि नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितां ‘पेंटर’ हें नांव पडलें. विलायती कॅमेरा परवडेना, म्हणून आपले बंधु आनंदराव यांच्यासह त्यांनीं तो घरींच करावयास घेतला. १९१६ सालीं आनंदराव वारले. तेव्हां दामल्यांना हाताशीं धरून बाबूरावांनीं तो पुरा केला. हातोडी-कानस चालविणाऱ्यास अक्कल बेताचीच, असें म्हणणारांनीं या कॅमेऱ्याचें काय तें सांगावें. महाराष्ट्र फिल्म कंपनीस भांडवल दिलें तें तानीबाई कागलकर या गायिकेनें. पेढीवाले त्या वेळीं कोठें होते, हें विचारूंच नये!

१९२० सालीं ‘सैरंध्री’ निघाला व गाजला. देवादिकांवर कंपनीचें सुखानें चाललें असतें. पण १९२५ सालीं बाबूरावांनीं ‘सावकारी पाश’ काढला. त्यांत ना देव, ना राजा. सावकार खोट्या कागदावर कुळाची जमीन गिळतो आणि तें कुळ शहरांत जाऊन गिरणीचा मजूर होतें, एवढीच कथा. अंधारांतली झोंपडी आणि बाहेर भुंकणारें कुत्रें, हा देखावा जाणकारांच्या तोंडीं पुढें कित्येक वर्षें होता. तरुण शेतकरी झाले होते शांताराम. त्यांनींच १९२९ सालीं दामले, फत्तेलाल वगैरे मंडळींसह ‘प्रभात’ उभी केली.

‘सावकारी पाशा’ला गल्ला मात्र जमला नाहीं. लोकांना करमणूक हवी, रडगाणें नको, असा निकाल शहाण्यांनीं दिला. आम्हांस तो अर्धाच पटतो. ज्याची जमीन गेली त्याच्याजवळ तिकिटाचा पैसा कोठला? आणि ज्याच्याजवळ होता, त्यास तें चित्र गोड कसें लागावें?

आज त्या चित्रपटाची प्रत उपलब्ध नाहीं. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन् पेटते, नाहींतर कुजून जाते. तेव्हां कोल्हापुराकडील कोणाच्या माळ्यावर गोल, गंजका पत्र्याचा डबा असेल तर भंगारवाल्यास देऊं नये, चुलीजवळ ठेवूं नये, दिवा धरून उघडूं नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवावें.