आपली बाजू उघड सांगताना

राजकीय लेख वाचताना वाचक मत पाहतोच, पण त्याचबरोबर हेही पाहतो की लिहिणारा कोण आहे आणि कोणाच्या बाजूने बोलतो आहे. सामाजिक सुधारणांवरून टिळकांशी मतभेद झाल्यावर आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. ज्या समाजात ते जन्मले, त्याच्याच रूढींवर त्यांनी प्रहार केले. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली, तरी लेखणी नरमली नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव दुसऱ्याचे होते. पण त्या लेखनामागे कोणाचा अनुभव आहे, हे लपले नाही.

एकाने जन्माने मिळालेली ओळख तपासली, दुसऱ्याने लादलेल्या ओळखीविरुद्ध आवाज उठवला. दोघांनीही तटस्थतेचा आव आणला नाही आणि युक्तिवादात कसूरही केली नाही. केवळ ओळखीने मुद्दा सिद्ध होत नाही, पण ती दडवून केलेला युक्तिवादही अपुरा राहतो. म्हणून या अंकातील लेखकांना आम्ही एवढेच सांगितले: आपली बाजू उघड मांडा, विरोधकाचा मुद्दा त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत सांगा आणि मगच त्याला उत्तर द्या. वाचकांनी आम्हालाही याच कसोटीवर पारखावे.