प्रोग्रॅमिंगची पहिली सहामाही

बारावीचे निकाल लागले, प्रवेशाची धांवपळ संपली, आणि आमच्या जालना जिल्ह्यांतील किती तरी घरांतून कोणी मुलगा, कोणी मुलगी संगणकाच्या अभ्यासक्रमास जाऊं लागली. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कोठेंही जा, वडीलधाऱ्या मंडळींचा प्रश्न एकच असतो : "पोर तेथें नेमकें शिकतें तरी काय?" गणित म्हणजे काय, संस्कृत म्हणजे काय, हें आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत सर्वांस ठाऊक असतें. प्रोग्रॅमिंग मात्र बहुतेक घरांत पूर्वी कोणी शिकलेलें नसतें. म्हणून त्याविषयीं एक तर अवास्तव आशा असते, नाहीं तर अवास्तव भीति. या महिन्यांत त्यासंबंधींच चार शब्द लिहावे असें योजिलें आहे. आणि त्यास निमित्त आमच्याच घरीं घडलें.

माझी पुतणी गेल्या वर्षीं कॉलेजांत दाखल झाली. बारावीपर्यंत गणितांत पहिल्या रांगेंत असलेली ही मुलगी दुसऱ्याच महिन्यांत एके रात्रीं माझ्यापाशीं येऊन म्हणाली, "काका, मला हें जमायचें नाहीं. बी. कॉम.ला नांव घालूं का?" त्या दिवशीं तिनें वीस ओळींच्या एका मजकुरापुढें दोन तास घालविले होते, आणि अखेर दोष निघाला तो गाळलेल्या एका अर्धविरामाचा! घरांत बैठक बसली. कोणी म्हणालें, मुलीचा कल नाहीं. कोणी म्हणालें, भरलेली फी फुकट जाईल. मींही, लिहावयास संकोच वाटतो, तिला म्हटलें, "अगं, तुझें लक्ष नसेल." तें माझें बोलणें चुकीचें होतें. कां, तें सांगतों.

प्रथम, शिकवितात काय तें पाहूं. पुष्कळ कॉलेजांत आरंभ 'सी' या भाषेनें होतो, कांहीं ठिकाणीं 'पायथॉन'नें. सी ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविली. पायथॉन ही गिडो व्हान रॉसम यांची, १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली. पहिला धडा बहुधा पडद्यावर 'हॅलो, वर्ल्ड' हे शब्द उमटविण्याचा असतो. कर्निघॅन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकानें ही चाल रूढ केली. पुढें क्रमानें येतात तीं अशीं : किंमत सांठवून ठेवण्याचें नांव, म्हणजे व्हेरिएबल; 'असें असेल तर हें कर, नाहीं तर तें कर' ही अट; तेंच काम पुनःपुन्हां करविणारें लूप; एकाच जातीच्या अनेक किंमतींची रांग, म्हणजे ॲरे; आणि एकदां लिहून ठेवून हवें तेव्हां हांक मारून बोलावतां येणारें फंक्शन. सी असल्यास अखेरीस पॉइंटर येतो, आणि तेथें चांगलीं चांगलीं मुलेंही अडखळतात.

यादी एवढीच. सीच्या १९८९ च्या प्रमाण रूपांत राखीव शब्द अवघे ३२ आहेत. आमच्या पिढीनें औटकीचे पाढे पाठ केले. त्या मानानें पाठांतर कांहींच नाहीं. मग अडचण कोठें येते? ती येते आपल्या बोलण्यांत. आपण माणसांशीं बोलतों तेव्हां अर्धें बोलतों, आणि अर्धें ऐकणारा समजून घेतो. यंत्र समजून घेत नाहीं.

याचा अनुभव आम्हांस आमच्या अंगणांतच आला. मुंबईच्या आय. आय. टी.त हा विषय शिकविलेले अभिराम रानडे यांचें आरंभ करणाऱ्यांसाठीं इंग्रजींत एक पुस्तक आहे. त्याची सुरुवात पडद्यावरील एका कासवापासून होते. कासवास सांगावयाचें : शंभर पावलें पुढें जा, उजवीकडे नव्वद अंश वळ, असें चार वेळां कर. चौकोन तयार होतो. पुतणीनें हें वाचून दाखविलें, तेव्हां मीं विचारलें, "मग त्रिकोण कसा काढशील?" ती लगेच म्हणाली, "तीन वेळां, आणि साठ अंश." मलाही तेंच बरोबर वाटलें, समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचाच ना! धाकट्या पुतण्यास कासव करून अंगणांत चालविलें. तिसरी बाजू संपली तरी तो निघाल्या जागेपासून दूरच! त्रिकोण तर झाला नाहींच. अर्धा षट्कोन मात्र झाला.

रांगोळी काढण्यांत जन्म गेलेल्या आमच्या मातोश्री ओट्यावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, तो नाकासमोर चाललेला आहे. त्याला जास्त वळायला नको का?" खरेंच होतें तें. चालणारा वळतो तो बाहेरच्या कोनांतून. पूर्ण फेरा ३६० अंशांचा. त्याचे तीन भाग केले कीं १२०. कासवाची चूक नव्हतीच. जें सांगितलें तेंच त्यानें केलें, आणि आमच्या विचारांतली खोट आम्हांस अंगणांत आंखून दाखविली.

पहिल्या सहामाहींत मुलें खरोखर शिकतात तें हेंच. चुका तेथें दोन जातींच्या होतात. पहिली व्याकरणाची, तशी चूक असेल तर प्रोग्रॅम चालतच नाहीं आणि पडद्यावर तक्रार येते. मात्र अर्धविराम राहिला एका ओळींत आणि बोट दाखविलें जातें पुढच्या ओळीकडे, असें वारंवार होतें; नवख्यांचे तास जातात ते यांतच. दुसरी चूक अर्थाची, आणि ती अधिक कपटी. सात आणि आठ यांची सरासरी सीमध्यें पूर्णांक घेऊन काढली, तर उत्तर साडेसात न येतां सात येतें. कारण पूर्णांकास पूर्णांकानें भागतांना अपूर्णांक टाकून दिला जातो. येथें यंत्र तक्रार करीत नाहीं. आपलें उत्तर आपणच पडताळून पाहावें लागतें.

म्हणून चूक निघणें हें मंदपणाचें लक्षण समजूं नये. चूक शोधणें हाच येथला अभ्यास आहे. समर्थांचें जन्मस्थान जांब याच जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास त्यांनीं लेखनक्रियेस दिला. अक्षर घोटण्याची गोष्ट एवढ्या थोर पुरुषास क्षुद्र वाटली नाहीं. मग आपल्या मुलांनीं अर्धविराम घोटला तर त्यांत कमीपणा कसला?

आतां कांहीं व्यवहाराच्या सूचना. पूर्वीं संगणक हाताळलेला नसला तरी हा विषय येतो; शाळेंतलें साधें गणित पुरतें. मराठी माध्यमाच्या मुलांनीं धीर सोडूं नये. पडद्यावरील तक्रारींचें इंग्रजी थोड्याच शब्दांचें असतें, तीं वाक्यें वहींत अर्थासह उतरून घ्यावीं. मुंबई आय. आय. टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमांतील सीचे लहान लहान धडे मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचें 'लेट अस सी' हें पुस्तकही ग्रंथालयांत सहसा सांपडतें. घरीं यंत्र नसेल तर कागदावर प्रोग्रॅम लिहून प्रत्येक ओळीनंतर कोणत्या नांवाची किंमत काय झाली, हें हातानें मांडावें. ही संवय परीक्षेंतही उपयोगीं पडते.

प्रात्यक्षिकाची वही दुसऱ्याची पाहून उतरूं नये. आज तर प्रश्न टाकतांच तयार प्रोग्रॅम लिहून देणारीं साधनें प्रत्येकाच्या खिशांत आहेत. स्वतः तासभर झगडल्यावर त्यांस 'माझें कोठें चुकलें?' असें अवश्य विचारावें. पण झगडण्याच्या आधींच उत्तर मागितलें, तर कासव चालेल आणि मूल जेथल्या तेथें राहील.

घरच्यांनीं काय करावें? रोज एक अखंड तास द्यावा. मध्येंच उठविलें तर डोक्यांत मांडलेला सारा डाव मोडतो. येथें एक स्पष्ट लिहितों. मुलगा अभ्यासास बसला तर आपण कुजबुजत बोलतों, आणि मुलगी बसली तर "जरा पानें घे गं" म्हणून हांक मारतों. आमच्या घरीं असेंच चालत होतें. तिचें लक्ष नव्हतें हें खोटें. तें आम्हीं टिकूं देत नव्हतों, हें खरें. त्या बैठकीनंतर संध्याकाळचा सात ते आठ हा तास तिचा ठरला, आणि त्या वेळचीं पानें धाकट्या पुतण्याकडे गेलीं.

पुतणीनें नांव बदललें नाहीं. सहामाहींत तिला पहिला वर्ग मिळाला नाहीं. दुसरा मिळाला, आणि पॉइंटर अजून नीट समजला नाहीं असें ती स्वतःच सांगते. परंतु परवां तिचा एक प्रोग्रॅम अडला तेव्हां ती माझ्याकडे रडत आली नाहीं. कागद घेऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "काका, मीं त्याला नेमकें काय सांगितलें, तें आधीं पाहतें."