संस्थेचे अलिखित भांडवल

उच्च शिक्षणसंस्थेचा ताळेबंद वाचणाऱ्यास इमारती, उपकरणे, ग्रंथ व ठेवी यांची किंमत रुपयांत मांडलेली आढळते. परंतु ज्या ज्ञानासाठी हा सारा व्याप उभारावयाचा, त्याचे मोल त्या कागदावर कोठेच नसते. हे बौद्धिक भांडवल कोठे साठते व त्याची राखण कशी करावी, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. अलीकडे पेटंटांची संख्या मोजण्याची प्रथा मात्र पडली आहे; ती मोजावयास सोपी आहे, हेच तिच्या लोकप्रियतेचे कारण असावे.

या बाबतीत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा इतिहास बोधप्रद आहे. जमशेटजी टाटा यांच्या योजनेतून ही संस्था १९०९ साली स्थापन झाली. म्हैसूरच्या अरण्यांतील चंदन त्या काळी लाकडाच्याच रूपाने परदेशी जाई व त्याचे तेल मुख्यतः जर्मनीत काढले जाई. १९१४ च्या महायुद्धाने ही वाट बंद केली. तेव्हा संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ सडबरो व वॉटसन यांनी तेल काढण्याची रीत प्रयोगशाळेत बसविली आणि १९१६ साली बंगळुरात म्हैसूर संस्थानचा कारखाना उभा राहिला. गाभ्याच्या व मुळांच्या लाकडाचा भुगा करावयाचा, त्यातून वाफ सोडावयाची, वाफेबरोबर आलेले तेल थंड करून पाण्यापासून वेगळे करावयाचे: तत्त्व एवढेच, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. भुगा किती बारीक हवा, वाफ किती वेळ चालवावी, कोठे थांबणे परवडते, हे मात्र पात्रापाशी उभे राहिल्यावाचून उमगत नाही. संस्थेचे खरे भांडवल हेच होय; आणि ते कागदावरून जितके जाते, त्याहून अधिक माणसांबरोबर जाते.

याच संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण तंत्रविद्येचे ‘अस्त्र’ केंद्र सुरू झाले. तेथे सुधारलेली चूल घ्या. तिची बचत चुलीच्या आतील मापांवर अवलंबून असते. गवंड्याने ती मापे चुकविली की उत्तम संशोधन धुरात जाते. आराखडा देऊन भागत नाही, गवंडी तयार करावा लागतो.

पेटंट निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. उद्योगाशी करार करताना त्याचे संरक्षण हवेच. तथापि फसलेल्या प्रयोगांचे पेटंट कोणी घेत नाही, आणि पुढच्या संशोधकाची वर्षे वाचविणारी माहिती बहुधा त्यांतच असते.

२००२ साली विज्ञान संस्थेने आपल्या संशोधकांचे लेख सर्वांना वाचावयास मिळावेत म्हणून संगणकीय भांडार उघडले. हे उत्तम झाले. पण भांडारात येतो तो यशस्वी प्रयोगाचा नीटनेटका वृत्तान्त. प्रयोगवह्या, उपकरणांच्या दुरुस्तीची टिपणे व काच फुंकणाऱ्या कारागिराचे कसब तेथे येत नाही. प्रयोगवह्या संस्थेच्या मालकीच्या मानून ग्रंथालयात जमा कराव्यात. निवृत्त होणाऱ्या तंत्रज्ञाच्या जागी येणारा मनुष्य निदान एक वर्ष आधी नेमावा. हिशेबखाते एका जागेवर दोन वेतने देण्यास हरकत घेईल. त्या खात्याला, तंत्रज्ञ गेल्यावर बंद पडून राहिलेल्या यंत्राची किंमतही त्याच कागदावर लिहावयास सांगावे.