बटाट्याचा कीस

आमच्या पुतण्याची मुलगी बेलारूस देशातील मिन्स्क शहरी वैद्यकीचे शिक्षण घेत आहे. तिच्या गेल्या महिन्यातील पत्राचे आमच्या घरी जाहीर वाचन झाले. तिकडे बटाटा हे जवळजवळ मुख्यान्नच. कच्चा बटाटा किसावयाचा, त्यात थोडा कांदा आणि मीठ घालून तव्यावर तेलात लहान लहान धिरडी घालावयाची, व ती आंबट सायीबरोबर खावयाची. यांस ‘द्रानिकी’ म्हणतात. जिच्या घरी ती राहते ती म्हातारी चुलीपाशी उभी राहून एकेक धिरडे काढते आणि नातवंडे ते ताटात पडताक्षणीच फस्त करतात, असे तिने मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. पत्र ऐकता ऐकता आम्हांस लोणावळ्याचे आमचे जुने बिऱ्हाड आठवले, आणि आठवल्या आत्याआजी.

मावळ हा भाताचा मुलूख. लोणावळ्यास वर्षाकाठी ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तसल्या पाणथळ जमिनीत बटाटा कुजावयाचाच. तो येई खेड-आंबेगावकडून. ज्येष्ठ सरण्यापूर्वी घरात एक पोते येऊन पडे व बटाटे कोठीच्या खोलीत वाळूवर पसरले जात. कारण एकदा झड लागली की हिरवी भाजी आठ-आठ दिवस दृष्टीस पडत नसे. ही गोष्ट १९५० नंतरच्या पाच-सात वर्षांतील.

आत्याआजी म्हणजे आमच्या आजोबांच्या भगिनी. अकराव्या वर्षी लग्न झाले आणि तेराव्या वर्षी त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. अंगावर आलवण, जेवण एकवेळचे, आणि चातुर्मास लागला म्हणजे तेही नाही असे दिवस अधिक. त्या दिवशी त्या सोवळ्याने आपल्या निराळ्या शेगडीवर बटाट्याचा कीस करीत. त्यांची रीत अजून डोळ्यांपुढे आहे. किसणीखाली पाण्याचे पातेले, म्हणजे कीस वाऱ्याने काळवंडत नाही. मग तो दोनदा धुवून मुठीत घट्ट पिळावयाचा, कारण पिष्ट राहिले तर गिचका होतो. (बेलारूसच्या बायका नेमके हेच पिष्ट राखतात, त्यावाचून धिरडे एकसंध राहावयाचे नाही.) तुपात जिरे व हिरवी मिरची, त्यावर कीस, झाकण, मंद विस्तव, शेवटी दाण्याचे कूट आणि लिंबू.

या फराळाच्या पावित्र्याबद्दल आमच्या घरी कोणास शंका नव्हती. वस्तुतः बटाटा दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांनी आणलेला. त्याचे नावही त्यांच्याच भाषेतले, आणि तेही मूळचे रताळ्याचे! रताळे, शेंगदाणा, मिरची, राजगिरा आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, ही सारी मंडळी दोन्ही अमेरिका खंडांतून आली व आमच्या एकादशीच्या पानावर बिनदिक्कत बसली. बिचारा कांदा त्यांच्यापेक्षा कितीतरी आधीपासून या देशात नांदत असून अद्याप उंबऱ्याबाहेरच आहे.

उंबऱ्याबाहेर आम्हीही असू. आम्ही पाच मुले. शेगडीवर जिरे तडतडले की आम्ही ओळीने येऊन बसत असू आणि आत्याआजी वरूनच प्रत्येकाच्या हातावरील पानाच्या तुकड्यावर कीस टाकीत. आमचा हट्ट खरवडीचा असे. पातेल्याच्या बुडाशी लागलेला तो तांबूस, कुरकुरीत थर आम्हांस मिळाला नाही तर आम्ही घर डोक्यावर घेत असू. ‘उपास आत्यांचा आणि फराळ पोरांचा’ असे म्हणून वडीलमंडळी हसत. आत्याआजीही हसत.

आईने आम्हांस सांगितले ते फार वर्षांनी, आत्याआजी गेल्यानंतर. कोठीतून त्यांना उपासाला मोजून दोन बटाटे मिळत. दुसऱ्या दिवशी पारणे होईपर्यंत दुसरे काही नसे.

घरात कोणी दुष्ट नव्हते. आईचे म्हणणे असे की, मागितला असता तर तिसरा बटाटा कोणीही दिला असता. आत्याआजींनी तो मागितला नाही, आणि कोठीची किल्ली ज्यांच्या कमरेला होती त्यांना विचारावेसे वाटले नाही. खुद्द आई तेव्हा धाकटी सून. तिला बोलण्याचा अधिकार नव्हता, असे ती म्हणे. हे सांगताना ती आमच्याकडे पाहात नसे. आम्ही मात्र खरवडीसाठी भांडत होतो.

परवा आषाढीस आम्ही सूनबाईंकडून कीस करविला. बटाटे मोजले नाहीत. खरवड उत्तम साधली होती. ती नातवाने मागितली तेव्हा आम्ही त्याला प्रथम आत जाऊन आईचे पान वाढले आहे की नाही, ते पाहून येण्यास सांगितले. तो कुरकुरत गेला.

पुतण्याच्या मुलीस आम्ही उत्तर धाडले आहे. द्रानिकीची कृती सूनबाईंस पसंत पडली, कांदा मात्र वगळावा लागेल, वगैरे मजकूर आहेच. खाली एक ओळ अधिक लिहिली : ती म्हातारी स्वतः केव्हा जेवते, आणि तिच्या वाट्यास किती उरते, ते पाहून कळव.