वाशिममधले दहावीचे दोन विद्यार्थी, पण ‘माणूस कुठून आला?’ हे एकालाच शिकवतात, असं का?

वाशिम जिल्ह्यातल्या दोन मुलांचं उदाहरण घ्या. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत दहावीला आहे, दुसरा नवोदय विद्यालयात. पहिल्याच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकात पहिलाच धडा आहे, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. त्यात माणूस कसा घडला हे दिलंय. नवोदयला सीबीएसई बोर्ड आहे. तिथे एनसीईआरटीचं पुस्तक चालतं आणि त्यात २०२३ पासून धड्याचं नाव उरलं फक्त ‘आनुवंशिकता’. उत्क्रांती गायब.

नेमकं काय झालं होतं?

कोरोनाकाळात मुलांवरचा ताण कमी करायचा म्हणून एनसीईआरटीने अभ्यासक्रमाला कात्री लावली. २०२३ मध्ये नवी पुस्तकं आली, तेव्हा हा भाग कायमचाच वगळल्याचं दिसलं. १,८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात डार्विन आहेच, असं उत्तर सरकारकडून आलं.

ते खरंही आहे. पण अकरावीला आर्ट्स किंवा कॉमर्स घेणाऱ्या मुलाचं काय? त्याच्यासाठी दहावी हीच शेवटची संधी असते.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी लगेच एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं.

मग माणूस माकडापासून झाला की नाही?

आजच्या माकडापासून नाही झाला. चिंपांझी आणि आपण एकमेकांचे चुलतभाऊ. दोघांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होता. तिथून दोन वेगळ्या शाखा फुटल्या.

१९७४ मध्ये इथिओपियात ‘लुसी’ सापडली. वय ३२ लाख वर्षं. ती दोन पायांवर चालायची, पण तिच्या जातीचा मेंदू साधारण ४५० घनसेंटीमीटरचा, म्हणजे आपल्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. थोडक्यात, आपण आधी ताठ चाललो, मेंदू नंतर वाढला.

मोठा मेंदू स्वस्तात मिळत नाही. शरीराच्या वजनात त्याचा वाटा २ टक्के, पण खर्च २० टक्के ऊर्जेचा. दगडी हत्यारांमुळे मांस आणि हाडांतला मगज मिळू लागला. पुढे विस्तव हाती आला, अन्न शिजवल्यामुळे पचायला सोपं झालं. त्यातून मेंदूचा हा खर्च भागला, असं अनेक संशोधक मानतात.

आपल्याकडे काय सापडलं?

वाशिम उभा आहे काळ्या बेसाल्टवर. हा खडक लाव्हारसातून बनला, तोही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे माणसाच्या कितीतरी आधी. त्यामुळे पूर्वजांच्या खुणा खडकात नाही, नदीकाठच्या गाळात शोधाव्या लागतात.

जुन्नर तालुक्यातल्या बोरीला कुकडी नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेसोबत दगडी हत्यारं मिळाली. त्यांच्या वयावर संशोधकांमध्ये मोठा वाद झाला. चाळीसगावजवळ पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षं जुना. आणि ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठच्या हथनोऱ्यात आदिमानवाच्या कवटीचा भाग सापडला.

म्हणजे आपलं स्टेट बोर्डाचं पुस्तक बरोबर?

धडा आहे ही जमेची बाजू. पण तोही जुना झालाय. त्यात माणसाची गोष्ट ‘रामापिथेकस’पासून पुढे सरकते. १९८० च्या दशकातच संशोधकांनी त्याला आपल्या पूर्वजांच्या यादीतून काढलं. तो ओरांगउटानच्या नातलगांपैकी निघाला.

शिवाय एकामागोमाग एक उभी केलेली नावं वाचून मुलांना वाटतं की ही सरळ रांग आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माकड-ते-माणूस चित्रासारखी. प्रत्यक्षात ते फांद्या फुटलेलं झाड आहे. आपल्या पूर्वजांचा निअँडरथलशी संकर झाला होता. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा, जेमतेम ४०० घनसेंटीमीटर मेंदूचा छोटा माणूसही हत्यारं वापरायचा.

आता लक्ष कशावर ठेवायचं?

२०२५-२६ पासून महाराष्ट्रात पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवी पुस्तकं येताहेत, एनसीईआरटीच्या धर्तीवर. दहावीची पाळी येईल तेव्हा दोन प्रश्न विचारावे लागतील. उत्क्रांतीचा धडा राहतोय का? आणि राहिला, तर रामापिथेकस जाऊन त्याच्या जागी बोरी, पाटणे, हथनोरा येताहेत का?

नाहीतर वाशिमच्या त्या दोन मुलांमधला फरक मिटेल खरा, पण दोघांनाही हा विषय न शिकवून.