माय दाराबाहीरच का?

जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून लोखंड करतात. भंगारात ओल राहिली की भट्टी उसळते. तशीच उसळली अन् ठेकेदाराच्या हजेरीवरचा माझा धाकटा भाऊ भाजून निघाला. एका मोठ्या दवाखान्यात नेला. स्ट्रेचर मी ढकललं, रक्ताच्या बाटलीसाठी मीच पळालो. मग दार धाडकन बंद. "नातेवाईक बाहेर!"

माय दाराला कान लावून बसली. "तो हाक मारतोय का बघ ना रं."

रात्री दार उघडलं. कशासाठी? श्वासाचं यंत्र रिकामं नव्हतं. माझ्या हातात अंबू बॅग दिली, दाबत राहा म्हणाले. पहाटेपर्यंत दाबली. तेव्हा माझ्या अंगावरचे जंतू कुठं गेले होते साले? भाजलेल्याला जंतूंची भीती असते, एवढं मलाही कळतं. पण हमालीला आत अन् बघायला बाहीर, हा कुठला नियम? भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. मायला दिसलं ते गुंडाळलेलं गाठोडं.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त 1929 ची हकिकत नोंदवलीय. काठेवाडात अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकेना. तिला वस्तीबाहेर आणल्यावरही थर्मामीटर मुसलमानाच्या हाती, त्याच्याकडून नवऱ्याच्या, मग तिच्या. बाई मेली. तिथं डॉक्टर लांब उभा होता, इथं मायला लांब उभं केलं. माझी जात कुणी विचारली नाही म्हणा. मळका सदरा पुरला.

डॉक्टर म्हणतात, नातेवाईक मारहाण करतात. त्यासाठी महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे. डॉक्टरवर हात टाकणाऱ्याची बाजू मी घेत नाही, न झोपता राबणारी पोरं ती. पण काही न सांगता प्रेत हातात दिलं तर संशय येणारच की!

फ्रान्समध्ये घरीच हृदय बंद पडलेल्यांच्या 570 नातेवाइकांचा अभ्यास झाला, 2013 साली छापला. उपचार चालू असताना 'जवळ थांबता का?' असं ज्यांना रीतसर विचारलं, त्यांना तीन महिन्यांनी त्या प्रसंगाचा मानसिक त्रास कमी होता. उपचारात अडथळाही आला नाही. जखमींचा नव्हता तो अभ्यास, तरी आपल्या दवाखान्यांनी वाचावा असा आहे.

माय अजून विचारते, "त्यानं हाक मारली व्हती का?" घशात नळी होती, हाक कशी मारणार? हे तिला मी सांगितलं. कुठल्या डॉक्टरनं नाही.

मित्रहो, मागणी साधी आहे. ज्याला आत यायचंय अशा एका माणसाला आत घ्या, अन् काय चाललंय ते सांगायला शेजारी एक सिस्टर द्या. सिस्टर कमी आहेत? मग जागा भरा ना!