आलेखाच्या अक्षांवरील अक्षरें

आलेख ही आतां केवळ शास्त्रज्ञांची वस्तु राहिलेली नाहीं. आजोबांच्या रक्तशर्करेची मासिक नोंद, घरखर्चाचा वार्षिक ताळा, शाळकरी मुलांनीं मोजलेला पाऊस, पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या सुनेचा प्रबंध, या सर्वांत संगणकानें काढलेला आलेख असतो. त्यांतील रेघ डोळ्यांस चटकन् दिसते; परंतु तिला अर्थ येतो तो आडव्या व उभ्या अक्षांवर लिहिलेल्या नांवांनीं, अंकांनीं आणि परिमाणांनीं. तीं अक्षरें गेलीं, कीं उरते ती नुसती नागमोडी रेषा. म्हणून या वेळीं आम्ही अशा एका दोषाविषयीं लिहीत आहों, कीं जो पुष्कळांच्या अनुभवास येतो, पण ज्याचें कारण थोड्यांसच ठाऊक असतें. एकाच आज्ञेनें काढलेला एकच आलेख पडद्यावर एक दिसतो, चित्राच्या फाइलींत दुसरा आणि पीडीएफमध्यें तिसरा. आणि फरक पडतो तो बहुधा रेषेंत नव्हे, तर अक्षांवरील अक्षरांत.

याचें मूळ कामाच्या वांटणींत आहे. कोणता बिंदु कोठें पडावा हें गणित प्रणालीचा एक भाग करतो. प्रत्यक्ष रेखाटन मात्र निराळ्याच भागाकडे सोंपविलेलें असतें. १९८६ सालच्या ग्नूप्लॉटमध्यें या दुसऱ्या भागास टर्मिनल म्हणतात, न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं निर्मिलेल्या ‘आर’मध्यें त्यास डिव्हाइस हें नांव आहे, आणि जॉन हंटर यांच्या, २००३ मध्यें प्रथम प्रसिद्ध झालेल्या मॅटप्लॉटलिबमध्यें तो बॅकएंड होय. छापखान्याच्या भाषेंत बोलावयाचें तर हस्तलिखित एक आणि जुळारी अनेक, असा हा प्रकार आहे. प्रत्येक जुळाऱ्याची खिळ्यांची पेटी निराळी आणि मोजपट्टीहि निराळी. रेघ कोणीहि ओढली तरी ती सारखीच येते. अक्षराची रुंदी मात्र ज्याच्या त्याच्या पेटीवर अवलंबून असते.

प्रथम जागेचाच हिशोब पाहूं. कांहीं न सांगतां आरकडून पीडीएफ काढविली, तर तिचा कागद ७ इंच रुंद असतो. पीएनजी चित्र काढविलें, तर तें ४८० ठिपके रुंद, आणि इंचास ७२ ठिपके धरल्यास सुमारें ६.६७ इंच भरतें. अक्षरें दोन्हींकडे १२ पॉइंटांचींच, म्हणजे इंचाच्या सहाव्या भागाएवढीं. चित्र अधिक रेखीव व्हावें म्हणून कोणी इंचास ३०० ठिपके सांगितले, पण एकूण ठिपके ४८० च ठेवले, तर कागद अवघा १.६ इंचांचा होतो. मग अक्षरांनीं जावें तरी कोठें? यावर आरचा नियम असा, कीं अक्षावरील दोन नांवें एकमेकांस भिडत असतील तर त्यांतील एक गाळावयाचें. हेतु चांगला आहे. परंतु भिडतात कीं नाहीं हें तो त्या त्या जुळाऱ्याच्या मोजपट्टीनें ठरवितो. म्हणून पावसाच्या स्तंभालेखांत एके ठिकाणीं बाराहि महिने दिसावे आणि दुसऱ्या ठिकाणीं त्यांतले कांहीं नाहींसे व्हावे, असें घडूं शकतें. आंकडे बिनचूक असतात. पण कोणता स्तंभ श्रावणाचा, हें वाचणारास समजत नाहीं.

मराठींत लिहिणाऱ्यांस याहून मोठी अडचण येते. रोमन अक्षरें एकापुढें एक मांडलीं, कीं शब्द होतो. देवनागरीचें तसें नाहीं. ‘कि’ या अक्षरांत संगणक आधीं क आणि मग वेलांटी सांठवितो, परंतु काढतांना वेलांटी आधीं काढावी लागते. जोडाक्षरांचीहि तीच गोष्ट. हें ज्ञान जुळाऱ्यास नसेल, तर वेलांटी कच्या उजवीकडे लोंबते आणि ‘क्ष’ चा पाय मोडून क व ष सुटे पडतात. मॅटप्लॉटलिबच्या नेहमींच्या रेखाटनांत दीर्घकाळपर्यंत असेंच होत असे. शिवाय तिच्या ठरीव फॉन्टांत, म्हणजे डेजाव्हू सॅन्समध्यें, देवनागरी नसल्यामुळें अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटी उमटत. मात्र तोच आलेख एसव्हीजी रूपांत, अक्षरें अक्षरेंच ठेवण्याची आज्ञा देऊन काढला, तर ब्राउझर आपल्या फॉन्टानें मराठी शुद्ध दाखवितो! आरचें साधें पीडीएफ डिव्हाइस देवनागरीच्या जागीं टिंबें देतें, आणि कैरो नांवाचें पीडीएफ डिव्हाइस योग्य फॉन्ट असल्यास तोच शब्द नीट लिहितें. उणे चिन्हाचीहि गत अशीच. मॅटप्लॉटलिब साध्या आडव्या रेघेऐवजीं गणितांतील निराळें उणे चिन्ह वापरते. निवडलेल्या फॉन्टांत तें नसलें, तर लेहच्या जानेवारींतील शून्याखालील तपमानापुढें उणे जाऊन चौकट येते.

यावर उपाय कठीण नाहींत. आलेख अखेर कोठें जावयाचा, कागदावर, पडद्यावर कीं प्रबंधांत, हें प्रथम ठरवावें आणि पहिल्या दिवसापासून त्याच रूपांत तो काढावा. रुंदी, उंची, ठिपक्यांचें प्रमाण आणि फॉन्ट हीं चारहि प्रणालीच्या मर्जीवर न सोडतां स्वतः सांगावीं. महिन्यांचीं नांवें उभीं लिहावीं किंवा आंखूड करावीं. शेवटीं तयार झालेली फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून प्रत्येक अक्षर वाचावें, आणि तें घरांतील अशा माणसाकडून वाचवावें, कीं ज्यानें आलेख पूर्वीं पाहिलेला नाहीं. काढणारास काय लिहिलें तें पाठ असतें. म्हणून गळलेलें त्यास दिसत नाहीं.

हा त्रास नको म्हणून पुष्कळ विद्यार्थी प्रबंध मराठींत लिहितात आणि आलेखाच्या अक्षांवर मात्र इंग्रजी घालतात. त्यांची अडचण आम्ही जाणतों. तथापि हा मार्ग आम्हांस इष्ट वाटत नाहीं. दोष भाषेचा नसून जुळाऱ्याचा आहे, आणि जुळारी बदलतां येतो. ज्या आजोबांसाठीं साखरेचा आलेख काढावयाचा, त्यांना तो आपल्या लिपींत वाचतां आला, तरच त्यांतील चढउतार त्यांचा स्वतःचा होतो; नाहीं तर ती रेघ डॉक्टरांच्या मेजावरच राहते.